गाडी तापली की

माझे सासरे गाडीत मागच्या सीटवर बसायचे. गाडीत आम्ही दोघंच असलो तरी मागेच. दार स्वतः ओढून घ्यायचे, पूजेच्या सामानाची पिशवी मांडीवर घ्यायचे आणि मेहकरची वस्ती मागे पडेपर्यंत एक शब्द बोलायचे नाहीत. सुनेनं गाडी चालवावी आणि आपण तिच्या गाडीतून यजमानाच्या दारात उतरावं, हे त्यांना रुचत नव्हतं. पण तसं ते कधी म्हणाले नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

त्यांची भिक्षुकी आसपासच्या खेड्यांमध्ये होती. लग्न, वास्तुशांत, सत्यनारायण, बारसं. आधी सायकल, मग बरीच वर्षं मोपेड. एका पावसाळ्यात चिखलात मोपेड घसरली, खुब्याचं हाड मोडलं आणि डॉक्टरांनी दोन चाकांवर बसायला कायमचं मना केलं. माझा नवरा नोकरीनिमित्त नांदेडला, महिन्यातून दोनदा घरी येणारा. त्यानं घेतलेली जुनी पेट्रोलची गाडी अंगणात उभी असायची. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. शाळेला जायची सोय व्हावी म्हणून गाडी शिकले होते. शाळेला उन्हाळ्याची सुटी लागते तेव्हाच लग्नसराई असते, त्यामुळे बाबांना नेण्या-आणण्याचं काम आपोआप माझ्याकडे आलं.

त्या उन्हाळ्यात गाडीनं पहिल्यांदा त्रास दिला तो जानेफळच्या रस्त्यावर. वास्तुशांत आटोपून आम्ही परत येत होतो. रस्त्याच्या कडेला खरबुजांचा ढीग दिसला म्हणून मी थांबले. विकणारी बाई एकेक खरबूज वास घेऊन निवडून देत होती, तिच्याशी बोलण्यात थोडा वेळ गेला. परत येऊन चावी फिरवली. सेल्फ जोरात फिरला, बॅटरीत दम होता, पण इंजिन काही घेईना. पुन्हा मारला, पुन्हा तेच. त्या बाईच्या नवऱ्यानं आणि रस्त्यानं जाणाऱ्या दोघांनी धक्का देऊन पाहिला. गाडी पुढे ढकलली गेली, चालू झाली नाही.

आम्ही लिंबाच्या सावलीत बसून राहिलो. बाबांनी उपरणं डोक्यावर घेतलं. बऱ्याच वेळानं, करायचं म्हणून मी पुन्हा चावी फिरवली, तर गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. जणू काही झालंच नव्हतं.

आठवड्याभरात तेच परत झालं, सुलतानपूरच्या अलीकडे. या वेळी एक ट्रॅक्टरवाला थांबला. त्यानं बॉनेट उघडून डोकं आत घातलं आणि ठामपणे सांगितलं, "ताई, पेट्रोल आटून राह्यलं नळीत. उन्हानं वाफ होते त्याची. नळीले ओलं फडकं गुंडाळा, पाहा कशी चालू होते ते."

आम्ही बाटलीतलं पाणी ओतून फडकं ओलं केलं, त्यानं ते नळीला गुंडाळलं. थोडा वेळ गेला. गाडी चालू झाली. तो खूश होऊन निघून गेला आणि आम्हीही मानलं की रोग सापडला. त्यानंतर मी गाडीत एक जुना टॉवेल आणि पाण्याची कॅन ठेवू लागले. गाडी अडली की टॉवेल भिजवायचा, नळीला गुंडाळायचा, वाट बघायची. कधी लवकर चालू व्हायची, कधी उशिरा. पण शेवटी व्हायचीच, त्यामुळे टॉवेलवरचा विश्वास काही कमी झाला नाही. टॉवेल न गुंडाळताही ती तेवढ्याच वेळानं चालू झाली असती, हे तपासून पाहावं असं मला सुचलं नाही.

गॅरेजवाला आमच्या ओळखीचा होता, लोणार रस्त्याला त्याचं शेड होतं. त्याच्याकडे मी गाडी दोनदा नेली. दोन्ही वेळा गाडी तिथे पोचल्यावर शहाण्यासारखी वागली. तो चावी फिरवायचा, गाडी सुरू व्हायची. बंद करायचा, लगेच फिरवायचा, पुन्हा सुरू व्हायची.

"म्याडम, हिले तं काईच झालं नाई. पाहा न, एका सेल्फात घेऊन राह्यली."

"गरम झाल्यावर घेत नाही हो."

"आता गरमच हाय न? काटा पाहा."

काटा खरंच मध्यावर होता. मी ट्रॅक्टरवाल्याचं म्हणणं सांगितलं. त्यानं मान डोलावली, पेट्रोलचा पंप कमजोर झाला असेल म्हणाला, आणि पंप बदलला. प्लगही बदलले. मी निर्धास्त झाले. टॉवेल मात्र गाडीतच राहू दिला.

एक गोष्ट बाबांनी त्याच सुमारास बोलून दाखवली होती. आम्ही एका बारशाहून परतत होतो. ते मागून म्हणाले, "सूनबाई, ही गाडी बंद केल्याबरोबर परत चालू होते. तासा-दीड तासाने गेलो तरी होते. मधल्या वेळातच होत नाही." मी "हो ना" म्हटलं आणि पुढचा खड्डा चुकवला. पंप बदलून झाला होता, विषय संपला होता.

मग ते लग्न आलं.

त्या दिवशी बाबांनी दोन लग्नं घेतली होती. एक सकाळचं, मेहकरपासून जवळच्याच गावात, आणि दुसरं दुपारच्या मुहूर्ताचं, तिथून बऱ्याच अंतरावर. दुसरं लग्न ज्या घरचं होतं त्या घराशी त्यांचा संबंध जुना. मुलीच्या वडिलांचं लग्न त्यांनीच लावलेलं, आजोबांचं उत्तरकार्यही त्यांनीच केलेलं. पहिलं लग्न वेळेवर लागलं. आम्ही न जेवताच निघालो. रस्त्यात एका फाट्यावर बाबा म्हणाले, "जरा थांबव." त्या वयात त्यांना मधे थांबावं लागायचं आणि हॉटेलाच्या मागे आडोसा होता. वेळही भरपूर होता. ते परत आले तोवर मी दोन चहा सांगितले होते. पंप नवा होता, म्हणून गाडी बंद करताना माझ्या मनात काही आलं नाही. ऊन असं होतं की हॉटेलवाल्यानं बाकड्यांवर पाणी मारून ठेवलं होतं, बसलं की कपडे ओले व्हायचे आणि उठेपर्यंत वाळायचे.

चहा पिऊन गाडीत बसलो. सेल्फ फिरला. इंजिन घेईना.

टॉवेल भिजवला, गुंडाळला. वाट बघितली. पुन्हा सेल्फ मारला. बाबा मागच्या सीटवर पिशवी घेऊन बसलेलेच होते, उतरले नाहीत. दोन जीप गेल्या, दोन्ही वऱ्हाडानं भरलेल्या, टपावरही माणसं. मी हात केला, ड्रायव्हरनं हात हलवून जागा नाही म्हणून सांगितलं. मी यजमानांना फोन लावला. मांडवात बँड वाजत होता, मी काय बोलते ते पलीकडच्याला ऐकू येईना. शेवटी बाबा उतरले आणि हॉटेलपाशी मोटारसायकल लावून उभ्या असलेल्या एका माणसाला म्हणाले, "मला पोचवता का? लग्न लावायचं आहे."

मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला बसायचं नाहीये गाडीवर."

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "हळू नेतील ते."

त्या माणसानं त्यांना मागे बसवलं. खुब्याचा पाय त्यांना नीट उचलता येईना, तो हॉटेलवाल्यानं उचलून पायदानावर ठेवला. पिशवी त्यांनी गळ्यात अडकवली आणि ते गेले. मी गाडीपाशी राहिले. ते गेल्यावर बऱ्याच वेळानं गाडी चालू झाली.

मी त्या गावात शिरले तेव्हा पंगती बसल्या होत्या. बाबा मांडवाबाहेर एका खुर्चीवर बसले होते. मुहूर्त टळू नये म्हणून पाहुण्यांपैकी कोणीतरी शेजारच्या गावाहून दुसरे गुरुजी आणले होते आणि त्यांनी लग्न लावून दिलं होतं. बाबा पोचले तेव्हा शेवटची मंगलाष्टकं चालली होती. कोणी त्यांना वाईट बोललं नाही. मुलीचे वडील फक्त एवढंच म्हणाले, "गुरुजी, आम्ही लय वाट पाहिली." जेवायचा आग्रह झाला. बाबांनी मुलीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या आणि पोटाचं कारण सांगून उठले.

परतताना बराच रस्ता गेल्यावर ते म्हणाले, "वेशीपासूनच ऐकू येत होतं लाउडस्पीकरवर. आवाज चांगला आहे त्याचा."

दुसऱ्या दिवसापासून ते जीपनं जाऊ लागले. मला कळायचं ते सकाळी पिशवी दिसली नाही म्हणजे. स्टँडपर्यंत रिक्षा, पुढे काळीपिवळी, आणि फाट्यापासून कोणी न्यायला आलं तर ठीक, नाही तर चालत. संध्याकाळी परत आले की पाय ताणून ओट्यावर बसायचे आणि खुब्याला तेल चोळायचे. मी एकदा म्हटलं, "मी सोडलं असतं ना." ते म्हणाले, "तुलाही सुटी आहे. आराम कर." त्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

नवरा फोनवर म्हणाला, "विकून टाक." मी नाही म्हटलं. विकायची तर विकू, पण तिला काय झालंय ते कळल्याशिवाय नाही, असं माझ्या डोक्यात बसलं होतं.

मी गॅरेजवाल्याला फोन केला. "गाडी मी तुमच्याकडे आणली की बरी होते. आता मी ती घरीच बिघडवते, तुम्ही या."

"बिघडवता म्हंजे?"

"तापवते, बंद करते आणि थांबते. फोन केला की निघा."

त्याला गंमत वाटली असावी. हो म्हणाला. दुपारी मी एकटीच गाडी काढली, मालेगावच्या रस्त्यानं दूरवर जाऊन परत आले, अंगणात उभी केली आणि बंद केली. लगेच एकदा चावी फिरवली, चालू झाली. पुन्हा बंद केली आणि पायरीवर बसून राहिले. बाबा ओट्यावर पंचांग बघत होते. त्यांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं. थोड्या वेळानं मी उठले, चावी फिरवली. सेल्फ फिरत राहिला. इंजिननं घेतलं नाही. गाडी अडली म्हणून मला पहिल्यांदाच बरं वाटलं.

गॅरेजवाला मोटारसायकलवर आला. या वेळी त्यानं घाई केली नाही. मला म्हणाला, "फक्त चावी खोला, सेल्फ मारू नका." मी चावी अर्धी फिरवली. "पंपाचा आवाज येते का पाहा. मागच्या सीटखाली असते तो."

मी कान दिला, पण पुढे बसून मला नीट कळेना. तेवढ्यात ओट्यावरून बाबा म्हणाले, "येतो. बारीक घूं असा. तो नेहमीच येतो." ते काठी टेकत खाली आले आणि मागचं दार उघडून आत बसले. "परत कर." मी चावी परत फिरवली. "आला. त्या दिवशी फाट्यावरही येत होता. दर वेळी येत होता."

गॅरेजवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. "मंग पंप चांगलाच होता म्हना पयलेपासून," तो म्हणाला, जरा ओशाळून. मग त्यानं एक प्लग काढला, तो वायरीला जोडून इंजिनच्या लोखंडाला टेकवून धरला आणि मला सेल्फ मारायला सांगितला. ठिणगी पडायला हवी होती. पडली नाही. बॉनेटवर चादरीचा आडोसा करून अंधारात परत पाहिलं. काहीच नाही.

"पेट्रोल येऊन राह्यलं, करंट नाई येत," तो म्हणाला. "नळीचा अन् याचा काई संबंधच नाई."

बाबा अजून मागच्या सीटवरच होते. तिथूनच त्यांनी त्याला ते सांगितलं, जे मला महिन्यापूर्वी सांगितलं होतं: लगेच होते, फार वेळानं होते, मधे होत नाही. गॅरेजवाला हातातला प्लग तसाच धरून ऐकत राहिला.

"हे मले काऊन नाई सांगतलं म्याडम? तुम्ही म्हने, गरम झाली का बंद. चालता चालता तं बंद पडत नाई न कधी?"

"कधीच नाही."

"गाडी चालते तवा हवा लागते तिले. उभी केली का हवा बंद, अन् आतली गर्मी वर चढते. बंद केल्यावर थोड्या वेळानं सगळ्यात जास्त तापते ते. त्या गर्मीनं काईतरी मरते अन् थंडं झालं का परत जित्तं होते." त्याला दोन वस्तूंचा संशय होता. एक कॉइल, आणि दुसरा इंजिन फिरतंय की नाही हे सांगणारा सेन्सर, जो खाली गिअरबॉक्सच्या जवळ बसवलेला असतो. सेन्सरकडून खबर आली नाही तर करंट सुटत नाही, असं त्यानं सांगितलं. "पाणी आणा. एकावर टाकून पाहू, मंग दुसऱ्यावर."

मी अंगणातल्या नळाखाली बादली लावली. बाबा म्हणाले, "ते नको. टाकीतलं पाणी आहे, हात लावून बघ." गच्चीवरच्या टाकीचं मे महिन्यातलं पाणी, हात पोळेल इतकं. ते स्वतः आत गेले आणि माठातलं पाणी तांब्यात घेऊन आले, सोबत एक पंचा.

पंचा भिजवून गॅरेजवाल्यानं आधी कॉइलवर ठेवला. थोडं थांबलो. सेल्फ मारला. नाही. मग तो गाडीखाली आडवा झाला आणि पंचा खालच्या सेन्सरवर दाबून धरला. बाबा वाकून वरून थोडं थोडं पाणी सोडत होते. त्यांना वाकवत नव्हतं, एक हात बॉनेटच्या कडेवर टेकून होता, आणि ती कडही तापलेली असणार.

"मारा सेल्फ."

गाडी चालू झाली.

मला हसू आलं. गॅरेजवाला मात्र म्हणाला, "एकदा झालं म्हंजे खरं नाई. ट्रॅक्टरवाल्याचंबी असंच झालं होतं." त्यामुळे मी परत तेवढाच फेरा मारून आले, परत बंद केली, परत थांबलो. ती अडली. या वेळी पंचा सरळ सेन्सरवर, आणि गाडी चालू. बाबा म्हणाले, "आता खरं." आणि रिकामा तांब्या घेऊन आत गेले.

सेन्सर अकोल्याहून मागवला. बोटभर लांबीची काळी वस्तू, एका टोकाला वायर. तो बसवल्यावर मी गाडी जमेल तितकी तापवली, बंद केली आणि त्या मधल्या वेळात पुन्हा पुन्हा चावी फिरवून पाहिली. ती एकदाही अडली नाही.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी बाबा सकाळी तयार होऊन ओट्यावर आले. पिशवी नव्हती. "त्यांच्याकडे जाऊन येऊ," म्हणाले. कोणाकडे ते मला कळलं. त्या दिवशी ते पुढच्या सीटवर बसले. काठी मागे सरकत राहते, एवढंच कारण सांगितलं.

मुलीचे वडील घरीच होते. त्यांनी बाबांना बाजेवर बसवलं, मला खुर्ची दिली. पाणी झालं. बाबा लांबण न लावता म्हणाले, "त्या दिवशी मी मधे थांबलो. थांबायला नको होतं. माझ्यामुळे तुम्हाला ऐन वेळी धावपळ झाली."

त्यांनी गाडीचं नावही काढलं नाही. मी तोंड उघडणार होते. चहा सांगणारी मी होते, गाडी माझी, पंपावर विसंबले मी. पण ते माझ्याकडे बघत नव्हते आणि त्यांच्या आवाजात असं काही होतं की मधे बोलणं बरं दिसलं नसतं.

मुलीचे वडील अवघडले. "गुरुजी, झालं ते होऊन गेलं. पोरगी सुखात हाय तिकडं. तुम्ही कायले एवढ्या उन्हाचे आले?" मग चहा आला, पावसाच्या अंदाजाच्या आणि सोयाबीनच्या बियाण्याच्या गोष्टी झाल्या. निघताना त्यांनी बाबांच्या पायाला हात लावला. त्यांचं वागणं नीट होतं, आपुलकीचंही होतं. पण पुढच्या वर्षी त्यांच्या मुलाचं लग्न झालं तेव्हा बोलावणं आलं ते पाहुणे म्हणून. लग्न त्या दुसऱ्या गुरुजींनी लावलं. आम्ही गेलो, जेवलो. बाबा पहिल्या रांगेत बसून मंगलाष्टकं ऐकत होते.

तोपर्यंत त्यांनी लांबची गावं सोडून दिली होती. ते मला अचानकच कळलं. दिवाळीनंतर एक दिवस ते फोनवर कोणाला तरी एकेका गावातल्या घरांची माहिती सांगत होते. कोणाकडे कुळाचार कसा असतो, कुठे देवक कशाचं बसतं, कोणत्या घरी म्हातारीला आधी विचारावं लागतं. मी विचारलं, कोण होतं? तर ते म्हणाले, "तोच, चांगल्या आवाजाचा." त्याचा नंबर त्यांनी स्वतःच मिळवला होता. स्वतःकडे त्यांनी फक्त मेहकरातली घरं ठेवली, रिक्षानं जाता येतील अशी.

म्हणजे गाडी दुरुस्त झाली आणि तिचं ते काम मात्र संपलं. मी तिनं शाळेला जाते. हिवाळ्यात एकदा बाबांना देऊळगाव राजाला बालाजीच्या दर्शनाला नेलं. ते पुढेच बसले होते. रस्त्यात एका गावाजवळ गाडी हळू करायला सांगितली आणि वळणावरच्या एका घराकडे बोट दाखवलं. दारात नवा पत्रा टाकलेला होता, अंगणात तूर वाळत होती.

"इथे माझं पहिलं लग्न झालं," ते म्हणाले. मग माझा चेहरा बघून हसले. "म्हणजे मी लावलेलं."

मी गाडी कडेला घेऊन विचारलं, "जायचं का आत?"

"नको. ओळखणारं कोणी उरलं नाही तिथे," ते म्हणाले, आणि काच खाली करून थोडा वेळ त्या घराकडे बघत राहिले.